वाचक विचारतात : पायवाटेवरचं पाणी

प्रश्न : टेकडीवर जाणारी पायवाट दर पावसाळ्यात खचून घळीसारखी होते. दोनदा मुरूम टाकला, तोही वाहून गेला. आता खडी टाकावी का?

खडीही जाईल. वाट उताराच्या दिशेने सरळ वर चढत असेल, तर तिच्यात शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागाच नसते. ते वाटेतूनच खाली धावतं आणि जाताना माती घेऊन जातं. अशी वाट दुरुस्त करण्यात पैसा आणि श्रम घालवू नका. ती बंद करा आणि डोंगराच्या अंगाने आडवी जाणारी नवी वाट आखा.

आखताना दोन उतार मोजा, डोंगराचा आणि वाटेचा. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी हवा. डोंगर ३० टक्के असेल, तर वाट १५ टक्क्यांच्या आत. शिवाय सगळ्या वाटेची सरासरी १० टक्क्यांच्या आसपास राहू द्या, म्हणजे १० मीटर आडव्या अंतराला १ मीटर चढ. फोनवरचं ॲप बहुधा अंश दाखवतं, टक्के नव्हे. १० टक्के म्हणजे जेमतेम ६ अंश. इथे गफलत झाली तर सगळी आखणी चुकते. फसवी असते ती जवळपास सपाट जमीन. उतार ८ टक्केच असेल, तर वाटेला ४ टक्क्यांहून कमीच चढ परवडतो.

दर १०-१५ मीटरवर वाट चार पावलं खाली उतरवून पुन्हा चढवा. पाणी त्या खोलगट जागी बाहेर पडतं. हे आखणीतच करायचं असतं, नंतर जमवणं अवघड.

खोदताना वाटेची सगळी रुंदी मूळ जमिनीत कापून काढा. अर्धी वाट कापलेली आणि अर्धी भरावाची केली, की भराव बसतो आणि बाहेरची कड ढासळते. खणलेली माती कडेला ढीग करून ठेवू नका, उतारावर लांब पसरून टाका. वाटेला बाहेरच्या बाजूला ५ टक्के कल द्या. ९० सेंमी रुंदीला साधारण साडेचार सेंमी. शेवटी बाटलीभर पाणी ओतून पाहा. ते वाटेने खाली न पळता बाहेरच्या कडेवरून उतरलं पाहिजे.

प्रश्न : बाहेरचा कल दिला होता, तरी दोन वर्षांत वाट मधोमध खोलगट झाली. आडवे ओंडके टाकले तर पाणी अडेल का?

पाणी अडवायचं नाही, वाटेबाहेर काढायचं आहे. पावलांनी मधली माती दबते, थोडी कडेला सरकते आणि तिथे वरंबा तयार होतो. पाणी मग त्याच्या आत अडकून वाटेनेच वाहतं. दरवर्षी पावसाळ्याआधी हा वरंबा फावड्याने काढा, चांगली माती मध्ये ओढून धुमसाने ठोका. गवताची मुळं असलेला भाग उतारावर टाका. माती किंचित ओली असताना हे काम करा, कोरडी माती दबत नाही.

ओंडक्यांमागे गाळ साचतो, तो भरला की पाणी वरून जातं आणि चालणारे बाजूने वळसा घालतात. त्यापेक्षा ३ मीटर लांबीचा अर्धगोल, बशीसारखा खोलगटपणा खणा आणि त्याला बाहेर १५ टक्के कल द्या. पण तिथून खाली पाणी उतरायला वाव असला पाहिजे, नाहीतर नुसतं डबकं होईल.

प्रश्न : वळणांवर लोक मधूनच शॉर्टकट मारतात. फलक लावूनही उपयोग होत नाही.

खालची वाट वरून दिसते, म्हणून. वळण मोठ्या दगडाआड किंवा दाट झुडपाआड घ्या आणि दोन वळणांमध्ये अंतर ठेवा. जुना शॉर्टकट बंद करताना दबलेली माती १० सेंमी खोल कुदळीने मोकळी करा, घळीत दगडांचे आडवे बांध घाला आणि वाळक्या फांद्या उभ्या रोवा. नुसत्या आडव्या टाकलेल्या फांद्या लोक सहज ओलांडतात. वाटेवरून दिसणारी पहिली काही पावलं पूर्ण झाकली गेली, तर पुढच्या भागाकडे कुणी वळत नाही.

पायऱ्या केल्या असतील, तर त्यांची उंचीही मोजा. १५ ते २० सेंमीपेक्षा उंच पायरी असली की लोक शेजारच्या मातीवरून चढतात, आणि तिथे पुढच्या पावसात नवी घळ पडते.