जुन्या घराच्या लाकडी तक्तपोशीच्या 9 फळ्या कुजल्यात. तशी फळी आता कुठे मिळेल?

माडीवरची सागवानी तक्तपोशी (छताला खालून मारलेल्या फळ्या), कौलांची गळती आणि कंत्राटदाराचं म्हणणं की सगळं उतरवून पीओपी करा. कंत्राटदाराला चहा पाजून वाटेला लावा. 9 फळ्यांसाठी अख्खं छत उतरवायला सांगणाऱ्याला मधली फळी सोडवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तशी फळी तयार मिळणार नाही, करूनच घ्यावी लागेल. लाकूड मात्र जुनं घ्या. पाडलेल्या वाड्यांच्या कड्या, म्हणजे छत पेलणाऱ्या आडव्या तुळया, जुन्या लाकडाच्या वखारीत घनफुटावर मिळतात, मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारातही सापडतात. निघालेल्या फळीचा धड तुकडा बरोबर न्या. माप सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) घ्या, मिलिमीटरमध्ये गोल करू नका. समजा जाडी 6 सूत, दिसणारी रुंदी 4 इंच, जीभ (शेजारच्या फळीच्या खाचेत शिरणारी कड) 3 सूत, लांबी 6 फूट. रंध्यासाठी 8 सूत जाडी आणि पावणेपाच इंच रुंदी धरली तर 9 फळ्यांना पावणेदोन ते दोन घनफूट लागतं. खिळ्यांची भोकं आणि सडकी टोकं जाऊन अडीच घ्या. चिरण्याआधी लोहचुंबक फिरवा. एक मोडका खिळा राहिला तरी करवतीचं पातं जातं, मग गिरणीवाला तुमची कडी परत हातात घेत नाही. चिरलेल्या फळ्या मध्ये पट्ट्या घालून त्याच खोलीत तीन आठवडे रचून ठेवा.

आता फट. गुहागरकडच्या एका माडीवर फेब्रुवारीत 8 फळ्या बसवायच्या होत्या. मी दर सांध्याला अर्ध्या सुताची फट सोडत होतो. मालकांच्या मेहुण्यांना ती दिसली. फट म्हणजे कच्चं काम, जिभांना गोंद घाला, असा त्यांचा हुकूम. घातला. 4 इंची सागाची फळी पावसाळ्यात तिकडे अर्ध्या सुताच्या आसपास फुगते. 8 फळ्यांचे झाले 4 सूत, म्हणजे अर्धा इंच, आणि जायला जागा नाही. ऑगस्टमध्ये मधल्या चार फळ्यांनी पोट काढलं, दोन जिभा मुळातून तुटल्या. जीभ 3 सूत असते ती याचसाठी. अर्धं सूत सरकली तरी खाचेतच राहते आणि सांध्यावरच्या व्ही-आकाराच्या खाचेत फट कुणाला दिसत नाही. दिसली ती फक्त मेहुण्यांना, शिडीवर चढून. गोंद घालूच नका. पावसाळ्यात बसवत असाल तर फळ्या फुगलेल्याच असतात, तेव्हा सांधे जवळ घ्या.

मधली पहिली फळी काढताना सांध्यातून बारीक पातं घालून तिची जीभ कापा, शेजारच्या फळीला पटाशी लावू नका. शेवटची नवी फळी जीभ आणि खाच दोन्हीकडून अडकणार. तिच्या खाचेचा वरचा, न दिसणारा ओठ रंध्याने काढा, जीभ शेजारच्या खाचेत घाला, फळी वर ढकला आणि कडीत पितळी स्क्रू मारा. लोखंडी स्क्रू ओल लागली की गंजून काळा डाग सोडतो.

रंगाचा मेळ पॉलिशवाल्यावर सोडू नका. मोठ्या कपाटाच्या वरच्या किंवा अडगळीच्या खोलीतल्या जुन्या फळ्या काढून मधे बसवा, नव्या तिथे लावा. जुनं पॉलिश लाखेचं आहे का, ते कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा घासून बघा. चिकट झालं तर लाखेचंच.

हे सगळं कड्या धड असतील तर. पेचकस पाव इंच सहज घुसला तर आधी कडी. कौलं तर त्याच्याही आधी. आणि फळ्यांना जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.