उन्हाळ्याची सुट्टी: आधी आजीच्या कुरडया, मग काजवे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघंही नोकरीला, मुलं शाळकरी, रजा मोजकी. मुलांना तंबूत राहायचंय, फिरायचंय, आणि त्याच महिन्यात सासर-माहेर दोन्हीकडून "या हो, जरा हातभार लागेल" असे फोन. हे सगळं बसवायचं कसं, की काहीतरी सोडून द्यायचं?

सोडायचंच असेल तर सोसायटीतला तो हस्तकलेचा समर कॅम्प सोडा. नातेवाइकांची कामं मात्र सोडू नका. उलट तीच आधी कॅलेंडरवर मांडा आणि सहली त्यांच्या आगेमागे बसवा. किल्ला पुढच्या महिन्यातही तिथेच असतो. झाडावरचा रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, आणि भिजत घातलेला गहू कोणाच्या रजेसाठी थांबत नाहीत.

आमची परिस्थिती तुमच्यासारखीच आहे. पुण्यात राहतो, मी आणि नवरा दोघंही नोकरीत, थोरली आठवीत, धाकटा चौथीत. माझं माहेर संगमनेरचं, सासर राजापूर तालुक्यातलं. मुलांचा निकाल साधारण 1 मेच्या सुमाराला लागतो, शाळा उघडते जूनच्या मध्यावर. मधल्या सहा आठवड्यांत काय केव्हा करायचं हे आम्ही ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. वाळवणाला कडक ऊन लागतं, म्हणून मेचा पहिला आठवडा माहेरी. मग आंबा आणि रातांबे, पाठोपाठ पावसाळ्याआधीची आवराआवर, म्हणजे आगोटीची कामं. हे सगळं सासरी. काजवे दिसतात मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, त्यामुळे तंबू शेवटी. भांडणाला जागाच उरत नाही.

रजेचं एक गणित सांगते. नवरा-बायकोने एकाच वेळी रजा टाकू नका. आधी मी मुलांना घेऊन संगमनेरला जाते, नवरा शनिवार-रविवार येतो. पुढे तो मुलांना कोकणात नेतो आणि मी मागाहून पोचते. रजा दुप्पट पुरते. शिवाय मुलं एकेका पालकाबरोबर असली की कामाला जास्त हात लावतात, हा माझा अनुभव. गावाकडून लॅपटॉपवर ऑफिसचं काम करू, या भरवशावर मात्र राहू नका. आमच्या सासरी रेंज येते ती विहिरीजवळच्या दगडावर, आणि तिथे बसून मीटिंग करणाऱ्या सुनेकडे अख्खी वाडी बघते.

आता वाळवणाचं. आई सत्तरीच्या पुढे गेली, मामीचे गुडघे दुखतात, पण कुरडया विकत आणायच्या म्हटलं की दोघींचा अपमान होतो. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं. मग तो वाटायचा, पिळून सत्त्व काढायचं, रात्रभर ठेवायचं. सकाळी वरची निवळी अलगद ओतून दिली की खाली पांढराशुभ्र घट्ट चीक राहतो. जेवढा चीक तेवढंच पाणी, त्यात मीठ-हिंग, आणि पाण्याला उकळी आली की एकीने चीक ओतायचा, दुसरीने लाकडी दांड्याने सतत ढवळायचं. इथे हात थांबला की गुठळ्या झाल्याच. हे ढवळणं हेच खरं माणूस लागणारं काम, आणि आमची जाण्याची गरज नेमकी तिथे असते. चीक चकाकायला लागला, दांड्याला चिकटून गोळा होऊन फिरायला लागला की झाला. मग तो गरम असतानाच सोऱ्यात भरून घालायचा, गार झाला तर सोऱ्या फिरतच नाही. त्यामुळे पहाटे पाचला सुरुवात आणि आठच्या आत गच्चीवरचं जुनं लुगडं भरलेलं.

थोरलीकडे सोऱ्या, धाकट्याकडे कावळे. काठी घेऊन सावलीत बसायचं आणि राखण करायची, हे काम त्याला फारच आवडतं, कारण मध्येमध्ये अर्धवट वाळलेली कुरडई तोंडात टाकता येते. वाटीभर गरम चीक, वर कच्चं तेल, हा त्याचा पगार. (आमच्याकडे यावर दोन पक्ष आहेत. नवऱ्याच्या मते चिकात दूध-साखर घालावी. कोकणातला माणूस, त्याला काय बोलणार.)

संगमनेरहून कोकणात थेट जायचा आम्ही आटापिटा करत नाही. पुण्यात येऊन कपडे धुवायचे, एक दिवस नुसतं लोळायचं. ही विश्रांती धरली नाही तर पुढचं सगळं चिडचिडीत जातं.

राजापूरला गाडीने गेलो तर कराड, मलकापूर करत अणुस्कुरा घाट उतरतो. रेल्वे हवी असेल तर पनवेलहून बसावं लागतं आणि आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे मेची तिकिटं मार्चमध्येच बघा. एसटीला आम्ही नाकं मुरडत नाही. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धं, त्यामुळे चौघांच्या खर्चात बराच फरक पडतो. फक्त वळणं लागणारं मूल असेल तर पुढची सीट आणि आवळा सुपारी हवीच.

सासरी माझे चुलत सासरे आणि काकू दोघंच असतात. बाग मोठी नाही, पण सीझनला दोघांना झेपत नाही आणि गडी मिळता मिळत नाहीत. पहिल्या वर्षी काकूंनी आम्हाला पाहुण्यांसारखं बसवून ठेवलं होतं. आता ओटीवर पाय ठेवला की काकांचं पहिलं वाक्य, "आलात? चहा घ्या नि बागेत या, झेला मोकळा पडलाय." मला हे स्वागत फार आवडतं.

आंबा चौदा आणे तयार झाला की काढायचा, तोही सकाळच्या वेळी, देठ ठेवून. देठ तुटला तर चीक फळावर ओघळतो आणि डाग पडतो, मग तो आंबा पेटीत जात नाही. झेल्याच्या लांब काठीने वरचा आंबा नेमका जाळीत पाडणं दिसतं तेवढं सोपं नाही. नवऱ्याला जमतं, मला अजून अर्ध्यावेळा फांदीच मिळते. मुलांकडे खालची कामं. पडलेला आंबा वेगळा काढायचा, तो कॅनिंगला जातो. चांगला लहान-मोठा निवडायचा, अढीत पेंढ्यावर मांडायचा. थोरलीकडे काकांनी पेट्यांची वही दिली आहे. कुठल्या पेटीत किती डझन, कोणाकडे गेली, पैसे आले की बाकी, सगळं तिच्या अक्षरात. एकदा मुंबईच्या एका गिऱ्हाइकाचे पैसे राहिलेत हे काका विसरले होते, ते तिने वहीतून काढून दाखवलं. त्या संध्याकाळी जेवताना काकांनी तिला आपल्या शेजारी बसवलं आणि हिशेबाबद्दल तिचा सल्ला विचारला. सुट्टीतल्या कुठल्या शिबिरात मुलीला हे मिळालं असतं, मला ठाऊक नाही.

काजूच्या बिया मात्र मुलांना फोडू देऊ नका. टरफलातल्या चिकाने कातडी भाजते, सोलवटते. बोंडू गोळा करू द्या, खाऊ द्या, कपड्यांना डाग पडले तर पडले.

2025 साली मात्र पावसाने सगळ्यांचीच तारांबळ उडवली. मिरगाच्या आधी, म्हणजे 7-8 जूनच्या आत, कामं उरकायची हा कोकणातला हिशेब. त्या वर्षी मे अर्धा सरतो न सरतो तोच पाऊस लागला, 25 मेला मोसमी पाऊस देवगडला आणि 26 मेला मुंबईत पोचलासुद्धा. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून. काकूंची आमसुलं खळ्यात वाळत होती. रातांबा फोडून बिया काढायच्या, सालं मिठाच्या रसात बुडवून उन्हात घालायची, वाळली की पुन्हा बुडवायची, अशी चार-पाच पुटं द्यावी लागतात तेव्हा कुठे आमसूल काळं, मऊ आणि टिकाऊ होतं. दुसऱ्या पुटालाच ढग भरून आले. चौघांनी चार कोपरे धरून कापड ओटीवर आणलं, तोवर अर्धी सालं भिजली होती. काकू दोन मिनिटं नुसत्या बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "ऊन नाही तर नाही. बरण्या काढा." उरलेले रातांबे फोडून गरासकट मिठाचे थर देत बरण्यांत भरले. मीठ रस सोडवतं, त्याचं आगळ होतं, त्याला उन्हाची गरज नाही. त्या वर्षी आमसुलं कमी आणि आगळ भरपूर, वर्षभर सगळ्या नातेवाइकांनी सोलकढी प्यायली. बिया मात्र चुलीच्या उबेवर वाळवल्या, त्याचं मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, निघतं. पावसाळ्यात भेगाळलेल्या टाचांवर त्यासारखं औषध नाही.

घर शाकारायचं कामही तेव्हाच घाईघाईत उरकलं. काका आणि नवरा वर, बाकी आम्ही खाली ओळीने उभे, कौलं हातोहात वर द्यायची. धाकट्याने फुटकी कौलं वेगळी लावायचं काम इतकं मनावर घेतलं की चांगलीही नापास करत होता.

सहलींचं काय, असं तुम्ही विचाराल. कोकणात त्या दुपार कलल्यावर होतात. चार वाजता काम संपतं आणि सात-साडेसातपर्यंत उजेड असतो. आडिवऱ्याची महाकाली, कशेळीचा कनकादित्य, आंबोळगडचा किनारा, उन्हाळे गावातले गरम पाण्याचे झरे. मुलांना सगळ्यात काय आवडलं म्हणाल तर कातळशिल्पं. कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्यात कोरलेला प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी मासे, प्राणी. देवाच्या गोठण्याला कोरलेली मनुष्याकृती आहे आणि तिथे होकायंत्राची सुई भलतीच दिशा दाखवते. धाकट्याने आपलं खेळण्यातलं होकायंत्र त्यासाठी पुण्याहून आणलं होतं. कोकणातली ही शिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण तिथे जायला ना तिकीट लागलं ना रांग. दुपारी मात्र सड्यावर जाऊ नका, जांभा तापून तव्यासारखा झालेला असतो आणि सावलीला झुडूपही नसतं.

आता कॅम्पिंग. पवना धरणाच्या काठचे तयार तंबू आम्ही एकदा घेतले. मोठ्या आवाजातली गाणी, बुफे, बार्बेक्यू. रात्री दोनपर्यंत झोप नाही. पुन्हा गेलो नाही. त्यापेक्षा भंडारदरा. संगमनेरहून अकोले, राजूर, शेंडी असा रस्ता आहे, त्यामुळे आजीचे आंबे पोचवायचे आणि पुढे निघायचं असं एका फेरीत होतं. आर्थर सरोवराच्या भोवतालच्या मुरशेत, पांजरे, उडदावणे या गावांत घरगुती जेवणाची आणि तंबू लावायची सोय होते. आम्ही आपला तंबू नेतो आणि गावातल्या एखाद्या घराच्या अंगणात परवानगी घेऊन लावतो. पिठलं-भाकरी त्यांच्याकडेच, रीतसर पैसे देऊन.

काजव्यांसाठी शनिवार टाळा. हे कळकळीने सांगते. नर काजवा उडता उडता लुकलुकतो आणि मादी बहुतेकदा झुडपावर, गवतावर बसून त्याला उत्तर देते. गाड्यांच्या दिव्यांचा झोत पडला की हे उत्तर-प्रत्युत्तर थांबतं, आणि हजारो माणसं गवत तुडवत गेली की खाली बसलेल्या माद्या पायाखाली जातात. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क घेतात, आत यायच्या-जायच्या वेळा सांगतात, त्या पाळा. फ्लॅश नाही, हॉर्न नाही, बाटलीत काजवे भरणं नाही. मंगळवार-बुधवारची अंधारी रात्र धरा, पौर्णिमेच्या आसपास नको. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्यावर अख्खं झाड एका लयीत उजळतं आणि विझतं. आमची थोरली एरवी प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ काढते, तिथे तिने फोन आपणहून खिशात टाकला, कारण त्यात काहीच येत नव्हतं. मोठा पाऊस लागून राहिला की काजवे ओसरतात, म्हणून निघण्याआधी गावात फोन करून विचारा.

तंबूचं सामान भाराभर घेऊ नका. खाली अंथरायला जाड ताडपत्री आणि वाऱ्यासाठी जास्तीच्या खुंट्या घ्या, वळवाचा वारा तिथे जोरात असतो. बाकी सगळ्याशिवाय चालतं.

काय सोडतो, हेही सांगते. मेमधली लांबच्या नात्यातली लग्नं. एकजण जाऊन आहेर करून येतो, चौघं जात नाही. सुरुवातीला फुरंगटले लोक, आता सवय झाली. "परदेश नाही का?" असं विचारणाऱ्यांना आंब्याची पेटी देतो, ते गप्प होतात.

तुमचं सासर कुठलं ते प्रश्नात नाही. विदर्भातलं असेल तर हे वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. तिकडे मेमध्ये दुपारी अकरानंतर मुलांना बाहेर काढण्याची सोय नाही, पण शाळाही उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. मुलं तिकडच्या शाळेत असतील तर बाहेरची कामं आणि तंबू दोन्ही जूनमध्ये ढकला आणि मेमध्ये घरातली कामं धरा. गाव कळवलंत तर आसपास काय बघण्यासारखं आहे ते नवऱ्याला विचारून लिहीन, त्याची तीन वर्षं नोकरीनिमित्त अमरावतीत गेली आहेत.