गडचिरोलीत तरुणांसोबत काम सुरू करताय?

गोंड मुलामुलींसोबत हवामान न्यायाचं, म्हणजे हवामान बदलाचा फटका ज्यांना जास्त बसतो त्यांच्या हक्कांचं, काम करायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

- आधी ग्रामसभेत मागे बसून ऐका. इथल्याच मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क (गावाच्या जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क) मिळाला, त्यामागे गावाचा स्वतःचा अभ्यास होता.
- मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत शिबिर ठेवू नका. पहाटेच टोपली घेऊन रानात गेलेली मुलगी तुमच्या सत्राला कशी येणार?
- नवे लोक हमखास चुकतात ते इथे: मराठी चांगलं बोलणाऱ्या एकाच मुलाला सगळीकडे पुढे करतात. बाकीच्यांना गोंडीत बोलू द्या, दुभाषा तुम्ही शोधा. पैशांचा हिशेबही त्यांच्याच हाती द्या.

वनहक्क कायद्याचं कलम 5, म्हणजे ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार देणारं कलम, तेवढं वाचून या. कार्बन, निधी वगैरे नंतर बघू.