नारळाचं काय करू, असं तू विचारलंस

प्रिय चिऊ,

तुझा मेसेज आला तेव्हा कोल्हापुरात रात्र झाली होती आणि इथं टोरांटोत मी बाबांचा डबा भरत होते. 'आई, आम्ही शाळेच्या भिंती रंगवायला आणि इंग्रजी शिकवायला आलो, आणि पहिल्याच दिवशी दीड तास त्यांनी आमचाच सत्कार केला. मुलं उन्हात बसून होती. मी अजून काहीच केलेलं नाही, मला लाज वाटली. असं का करतात? आणि या नारळाचं काय करू?'

मुलं उन्हात बसली ते मलाही पटलेलं नाही. आपल्याकडे भाषणं लांबतात, आणि कुणी थांबवत नाही. उद्या बाईंना सांगून बघ, म्हणावं आता आम्हाला थेट वर्गात बसू दे. त्यांना राग येणार नाही.

पण नारळाचं वेगळं आहे. तू काय केलंस म्हणून तो दिलेला नाही, तू आलीस म्हणून दिलाय. आपल्या खेड्यांत दारात माणूस आला की आधी गूळ-पाणी पुढे येतं, काय काम काढलं ते मागाहून विचारतात. तुम्ही द्यायला आलात हे त्यांना ठाऊक आहे. पण नुसतं घेणारं होऊन राहायचं नाही, हाही त्यांचा मान आहे.

आणि शाळा ही तिथं बाहेरून कुणी आणलेली गोष्ट नव्हे, बरं का. शाहू महाराजांनी 1917 सालीच कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याआधी, 1901 पासून, त्यांनी गावोगावच्या पोरांसाठी शहरात बोर्डिंगं उभी केली. तुझे पणजोबा तशाच एका बोर्डिंगात राहून शिकले.

आता एक गोष्ट सांगते, कुणाला कधी सांगितली नव्हती. मी सातवीत असताना आमच्या शाळेत परदेशातून पाहुणे आले होते. नारळ आणायचं काम माझ्याकडे. आजीनं कोपऱ्यावरच्या दुकानातून उधारीवर आणला. कानाशी धरून हलवला, पाणी वाजतंय बघितलं, शेंडी नीट केली, हळद-कुंकवाचं बोट लावलं. मी तो दोन्ही हातांनी दिला. पाहुण्या बाई छान हसल्या, फोटो झाला. संध्याकाळी टेबल उचलताना शिपाईमामांना तो तिथंच सापडला. 'हा तुझाच न्हवं?' म्हणून त्यांनी माझ्या हातात ठेवला. घरी नेला असता तर आजीला काय सांगणार? वाटेतल्या देवळात ठेवला आणि घरी आले. त्या बाईंची चूक नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तू विचारलंस, म्हणून मला इतकं बरं वाटलं.

फोटोत तुझ्याशेजारी लाल रिबिनींची, दोन वेण्यांची मुलगी आहे. तिनंच दिला ना? ती तुझ्याकडे बघत नाहीये, नारळाकडे बघतेय.

तिथल्या मुली 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, ते चुकीचं नाही, त्यांना सुधारू नकोस. मीही तशीच बोलायचे, पुण्यात कॉलेजला गेल्यावर मोडलं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. आणि 'गाव कुठलं?' विचारल्यावर टोरांटो सांगितलंस म्हणून त्या हसल्या, तर पुन्हा विचारतील तेव्हा आजीचं घर सांग, मंगळवार पेठ. त्यांना तेच विचारायचं असतं.

खिचडीच्या वेळी पंगतीत मुलांबरोबर खाली बस. खुर्ची देतील, नको म्हण.

नारळ रविवारी आजीकडे ने. कुठून आला ते सांग, माझी गोष्टही वाचून दाखव. ती खवून वड्या करेल, त्या डब्यात घालून सोमवारी शाळेत ने. पहिली त्या रिबिनीवालीला दे.

तुझी,
आई