मुख्तार बाबायेव आणि ती हातोडी

तुम्ही विचारलंत, की अझरबैजानचा एक पर्यावरणमंत्री, ज्याचं नावही आपण ऐकलं नव्हतं, तो २०२४ मध्ये अचानक जगभरच्या बातम्यांत कसा आला? आणि तेल कंपनीतला माणूस संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेचा (कॉप२९) अध्यक्ष होतोच कसा?

आधी खुर्चीचं सांगतो. ही परिषद भरवायची पाळी देशांच्या गटांमध्ये फिरते आणि २०२४ ची पाळी पूर्व युरोप गटाची होती. यजमान ठरवायला गटातल्या सगळ्यांची संमती लागते, आणि रशियाही त्याच गटात आहे. युक्रेन युद्धामुळे युरोपीय संघातल्या कुठल्याही देशाला रशिया मान्यता देईना. उरले आर्मेनिया आणि अझरबैजान, एकमेकांचे हाडवैरी. डिसेंबर २०२३ मध्ये दोघांत कैद्यांची अदलाबदल ठरली. अझरबैजानने ३२ सैनिक सोडले, आर्मेनियाने २, आणि त्याच समझोत्यात आर्मेनियाने आपली उमेदवारी मागे घेतली. परिषद अझरबैजानची राजधानी बाकूला गेली ती अशी. बाबायेव २०१८ पासून पर्यावरणमंत्री होते, म्हणून अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं.

त्याआधी दोन दशकांहून अधिक काळ ते 'सोकार' या सरकारी तेल कंपनीत होते. पण तिथे काही वर्षं ते पर्यावरणाचे उपाध्यक्ष होते. बाकूभोवतीच्या तेलाने नासलेल्या जमिनी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ते काम किती मोठं आहे ते कळेल. तरी शंका रास्तच होती. देशाची निर्यात बहुतांशी तेल-वायूची, आणि परिषदेच्या व्यासपीठावरून राष्ट्राध्यक्ष अलियेव यांनी तेलाला देवाची देणगी म्हटलं. मुख्य धोरण अलियेवच ठरवतात, मंत्री ते राबवतो. बाबायेव यांच्याबद्दल बोलताना हे सतत लक्षात ठेवावं लागतं.

माझा आक्षेप त्यांच्या तेलाच्या नोकरीवर नाही, २४ नोव्हेंबरच्या पहाटेवर आहे. हवामान बदलाला तोंड देण्यासाठी विकसनशील देश वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर मागत होते. मसुद्यात श्रीमंत देशांच्या पुढाकाराने २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करायचं लिहिलं होतं. निर्णयाआधी आम्हाला बोलायचं आहे, असं भारताने कळवलं होतं. बाबायेव यांनी हातोडी आपटली, ठराव मंजूर झाला, आणि भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांना बोलायला मिळालं ते त्यानंतर. त्या संतापल्या होत्या आणि त्यांचं बरोबर होतं. बोलिव्हिया आणि नायजेरियानेही ठरावावर कडक टीका केली.

काहीच न ठरण्यापेक्षा हे बरं, असं त्यांच्या बाजूने म्हणता येईल. कार्बन बाजाराचे, म्हणजे देशांनी एकमेकांकडून उत्सर्जन-कपातीचे हक्क विकत घेण्याचे, वर्षानुवर्षं रखडलेले नियमही बाकूतच पूर्ण झाले, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. परिषदेनंतर त्यांनी लेख लिहून रक्कम अपुरी असल्याचं मान्य केलं आणि दोष श्रीमंत देशांना दिला. मला ते पटतं. पण श्रीमंत देश अडून बसले होते म्हणून भारताला दोन मिनिटं आधी बोलू देता आलं नाही, असं तर नव्हतं ना? तो निर्णय अध्यक्षांच्या हातात होता.

समारोपाच्या सत्राचं चित्रण उपलब्ध आहे. हातोडी पडते तिथून पुढची दहा मिनिटं नक्की पाहा.