झरोक्यातलं शेवाळ

प्रश्न : यावलला जिन्यावरच्या झरोक्याला पॉलिकार्बोनेटचा पोकळ पत्रा बसवला. एकाच पावसाळ्यात पत्र्याच्या आतल्या पोकळ नळ्यांत शेवाळ धरलं. बदलावा का?

उत्तर : ताई, आधी बघा, नळ्या आडव्या तर नाहीत ना? माझ्या पहिल्या कामात मी तशाच बसवल्या होत्या. जळगावातल्या त्या गिऱ्हाईकाने वर्षभर ऐकवलं! नळ्या उताराच्याच दिशेने हव्यात. वरचं तोंड ॲल्युमिनियम टेपने बंद, खालच्याला बारीक छिद्रांची टेप. वाफेचं पाणी तिथून झिरपतं. आणि स्क्रूचं भोक मोठं ठेवायला सांगा. आपल्याकडचं ऊन माहीतच आहे. 3 मीटरचा पत्रा 40 अंशांच्या फरकाने जवळपास 8 मिलिमीटर लांबतो. भोक घट्ट असलं की तिथूनच तडकतो. पत्र्यावरच्या संरक्षक फिल्मवर छापलेली यूव्हीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारी, बाजू आभाळाकडेच. शेवाळ खोलवर गेलं असेल तर मात्र पत्रा बदलाच.