ट्रायलच्या फॉर्ममध्ये वारसदाराचं नाव कशाला?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना शुगर आहे, वय ६१. पुण्यात ज्या डॉक्टरांना दाखवतो त्यांनी नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये भाग घेता का असं विचारलं. औषध फ्री, तपासण्या फ्री, जाण्यायेण्याचा खर्चही देणार. फॉर्म घरी आणला तर त्यात वर्षाचं उत्पन्न आणि वारसदाराचं नाव विचारलंय, मृत्यू झाल्यास भरपाई असंही लिहिलंय. सासूबाई हादरल्यात, म्हणतात माणसाला गिनीपिग करतायत. मिस्टर म्हणतात फुकट उपचार मिळतायत तर सोडायचे कशाला. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी सासूबाईंना शांत करा. वारसदाराचा रकाना भारतातल्या अशा प्रत्येक औषध-ट्रायलच्या फॉर्ममध्ये असतो, २०१९ च्या सरकारी नियमांतला नमुनाच तसा आहे, त्याचा अर्थ डॉक्टरांनी काहीतरी वाईट गृहीत धरलंय असा नाही. अर्थात त्यांची भीती हवेतली नाही हां, पूर्वी नीट न सांगताच पेशंटवर औषधं वापरल्याच्या तक्रारी झाल्या, २०१२ मध्ये इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेने सुप्रीम कोर्टात याचिका टाकली आणि मग कुठे नियम कडक झाले. आता ट्रायलमुळे काही झालं तर उपचाराचा खर्च आणि भरपाई कंपनीच्या डोक्यावर. मृत्यूची भरपाई काढायचं सूत्र आहे, मूळ आकडा ८ लाख आणि त्यात वय आणि आजार किती गंभीर हे धरतात. गंमत म्हणजे उत्पन्न विचारतात पण सूत्रात ते कुठेच नाही.

आता मिस्टरांना माझं जरा स्पष्टच सांगणं आहे, याला फुकट उपचार म्हणू नका. नवीन औषध चालतं की नाही हेच अजून ठरायचंय म्हणून तर ट्रायल. बहुतेक वेळा कोणाला नवीन गोळी आणि कोणाला जुनी किंवा औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी हे कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टरांनाही माहीत नसतं. म्हणजे सासऱ्यांच्या वाट्याला नवीन औषध येईलच असं नाही, आणि आलं तरी ते चांगलंच निघेल असंही नाही.

मग लोक का जातात? टाटा मेमोरियलचं एक उदाहरण सांगते. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे साधं भूल द्यायचं स्वस्त इंजेक्शन, टोचलं तर फायदा होतो का हे बघायला २०११ पासून दीड हजारांवर बायका ट्रायलमध्ये आल्या, निम्म्यांना इंजेक्शन मिळालं, निम्म्यांना नाही. इंजेक्शन मिळालेल्यांपैकी पाच वर्षांनंतर ९०.१ टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. हे जाहीर झालं २०२२ मध्ये, म्हणजे खरा उपयोग मागाहून येणाऱ्या बायकांना. हे पटत असेल तर जावं, खर्च वाचतो म्हणून नको.

सही लगेच करू नका. मराठीतला माहितीचा कागद मागा, घरात सगळ्यांनी बसून वाचा, सही झाल्यावर एक प्रत तुमच्याकडे राहिलीच पाहिजे. सीटीआरआय नंबर विचारा, सीटीआरआय म्हणजे ट्रायलची नोंद ठेवणारी सरकारी वेबसाइट, तिथे या ट्रायलची नोंद सापडलीच पाहिजे. कागदावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे ट्रायलमधल्या पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन असतो, तिथे बिनधास्त फोन करा, त्या कमिटीत डॉक्टरांबरोबर एखादा कायद्याचा जाणकार आणि एखादा सामान्य माणूसही असतो, आणि पेशंटचं ऐकणं हे त्यांचं कामच आहे. मध्येच सोडायचं झालं तर कधीही सोडता येतं, कारण द्यायची गरज नाही, आणि नेहमीचे उपचार त्यामुळे बंद होत नाहीत. ट्रायल संपल्यावर औषध मिळणार का हे मात्र आधीच विचारून घ्या, लोक नेमकं हेच विसरतात.

आणि सासरे कारल्याचा रस, कुठला काढा, शेजाऱ्याने दिलेली पावडर असलं काही घेत असतील तर पहिल्याच भेटीत सांगून टाका. डॉक्टर ओरडतील म्हणून बरेचजण लपवतात आणि मग शुगर अचानक खाली गेली तर ती कशाने गेली ते कुणालाच कळत नाही.